शेजाऱ्याला कोल्हे मारायला आपल्या जमिनीत येऊ द्यावं का?

खाडीकाठ

माझा भाचा आणि त्याची बायको इंग्लंडात डेव्हन परगण्यात राहतात. गावाबाहेर जुनं घर, मागे गवताचा मोठा तुकडा आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या मेंढ्या. सध्या तिकडे कोकरं होण्याचा मोसम आहे. परवा शेजारी दारात आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, कोल्हे माझी कोकरं नेतायत, येतात तुमच्या बाजूनं, तर रात्री तुमच्या जमिनीत बंदूक घेऊन येऊ का?

तिकडे हे पूर्ण कायदेशीर आहे. २००४ च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांची टोळी सोडून कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदी आली आणि ती फेब्रुवारी २००५ पासून लागू झाली. बंदुकीनं मारायला मात्र बंदी नाही, वर्षातल्या कुठल्याही महिन्यात नाही. फक्त जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणजे चेंडू भाच्याच्या अंगणात.

त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. आईनं लिहिलं, "मुक्या जिवाला मारू नये." मेव्हण्यानं लिहिलं, "त्यांचा देश, त्यांचे कोल्हे." पुढे सगळे कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोंकडे वळले.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. आम्ही विक्रोळी पूर्वेला राहतो. खाडीच्या कांदळवनात कोल्हे आहेत (आपले सोनेरी, तिकडच्या लाल कोल्ह्यांहून वेगळी जात), रात्री त्यांची कोल्हेकुई ऐकू येते, कधीमधी एखादा कचऱ्याच्या डब्यापर्यंत येतो. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात मेलेल्या काही कोल्ह्यांमध्ये रेबीज निघाल्याची बातमी आली, तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये "यांचा बंदोबस्त करा" हा विषय निघतोच. आपल्याकडे कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही म्हणून बरं. पण कायदा नसता तर आम्ही काय केलं असतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकरं नेणारा अमुक एक कोल्हा मारला तर ते मला पटू शकतं. "कोल्हे फार झालेत, थोडे कमी करू" हे पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सई_परळ

नाही. धागा संपला. :)

गंमत सोडा, पण मला मूळ प्रश्नच गमतीशीर वाटतो. कोकरू कोल्ह्यानं नेलं तर नुकसान, आणि तेच कोकरू काही महिन्यांनी खाटकाकडे गेलं तर धंदा. कोकराच्या बाजूनं बघितलं तर फरक काय? इथे "कोकरांना वाचवायला" असं जे म्हटलं जातंय ते तेवढं तरी म्हणू नका. शेजाऱ्याचा पैसा वाचवायला, असं म्हणा.

मिरगाचा_पाऊस

सईताई, पैसा वाचवणं हे पाप कधीपासून झालं? शेतकऱ्याचा पैसा म्हणजे त्याच्या पोराची फी.

मी डोंबिवलीत असलो तरी आमची शेती कुडाळजवळ आहे, भाऊ बघतो. रानडुकरं एका रात्रीत भाताचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, नांगरल्यासारखा करून जातात. नुकसानभरपाई मिळते, नाही असं नाही. पण पंचनामा, फोटो, सातबारा, हेलपाटे. ते सगळं करून हातात येतं त्यात बियाणं येईल, मेहनत नाही. मुंबईत बसून प्राण्यांवर प्रेम करायला काही लागत नाही. आमच्या वाडीत एकदा येवा, रात्री राखणीक बसा, मगे नीतिशास्त्र शिकवा.

लोअरपरेल_फास्ट

ह्या विषयावर दर पावसाळ्यात धागा का निघत नाही: महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक. टॉर्च आणि काठी घेऊन गल्लीबोळात उंदीर मारत फिरतात, रात्रीला ठरलेला आकडा भरावा लागतो. त्यांच्यावर कुणी हळहळलेलं मी पाहिलं नाही. कोल्ह्याचा चेहरा सुंदर आहे एवढ्यानं त्याचा गुन्हा कमी होतो काय?

सई_परळ

उंदरांवर हळहळणारी मी आहे, पण मान्य, आम्ही थोडेच. मात्र तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. इतकी वर्षं मारताहेत, उंदीर संपले?

ढोरडॉक्टर

पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त, सध्या मुक्काम गोरेगाव. दोन गोष्टी वेगळ्या करू या. एक, मारताना प्राण्याला किती यातना होतात. दुसरी, मारून उपयोग होतो का. लोक पहिलीवर भांडतात आणि दुसरी विसरतात.

पहिलीबद्दल. इंग्लंडात हे काम बहुधा रात्री चालतं. जोरदार दिवा टाकायचा, कोल्ह्याचे डोळे चमकतात, तो थबकतो, टेकू लावलेल्या रायफलनं छातीत गोळी. हल्ली अंगाची उष्णता टिपणारी दुर्बीण असते, त्यामुळे दिवाही लागत नाही. बंदीच्या आधी लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली होती, तिचा अहवाल २००० साली आला. कुत्र्यांनी पाठलाग करून मारल्यानं कोल्ह्याचे गंभीर हाल होतात असं तिनं म्हटलं. आणि सराईत माणसानं दिवा लावून रायफलनं मारणं हे त्या मानानं बरं, असंही म्हटलं. छऱ्याच्या बंदुकीनं दिवसा मारण्याबद्दल तिला काळजी होती, कारण त्यात जनावर जखमी होऊन निसटतं. जखमी कोल्हा बिळात जाऊन दिवसेंदिवस कुजत मरतो. त्यामुळे भाच्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो हा: रायफल की छऱ्याची, आणि गोळी घालणारा कोण? शेजाऱ्याचा हौशी मेहुणा असेल तर सरळ नाही म्हणावं.

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर कुणी बोललं नाही. कोकरं कधी होतात? मार्च-एप्रिल. कोल्हीण कधी विते? मार्च-एप्रिल. ज्या आठवड्यांत शेतकऱ्याचं नुकसान होतं, त्याच आठवड्यांत जमिनीखाली डोळे न उघडलेली पिल्लं असतात. आई बाहेर मेली तर ती आत उपाशी मरतात, कुणाला कळतही नाही. रात्री दुर्बिणीतून नर कुठला, मादी कुठली हे खात्रीनं सांगता येत नाही. एका गोळीचा हिशेब एका जनावरावर थांबत नाही.

खाडीकाठ

डॉक्टर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भाच्याला कळवतो. कोकरं होण्याआधी, म्हणजे ऐन थंडीत मारले तर?

ढोरडॉक्टर

तेव्हा पिल्लांचा प्रश्न येत नाही. पण तेव्हा कोकरंही नसतात, मग कोणता कोल्हा दोषी हे कसं ठरवणार? म्हणजे पुन्हा तुमचं "अमुक एक कोल्हा" गेलं आणि "थोडे कमी करू" आलं.

अंजू_लीड्स

मी यॉर्कशरमध्ये असते, मूळची गिरगावची. भाच्याच्या शेजाऱ्याला खलनायक करू नका. इथले बहुतेक मेंढपाळ थकलेले असतात, कोकरांच्या दिवसांत झोप नसते. मेलेलं कोकरू पहाटे सापडलं की आधीच मेलं होतं आणि कोल्ह्यानं नंतर खाल्लं, की कोल्ह्यानंच मारलं, हे ओळखणं अवघड असतं. थंडीनं, उपासमारीनं, आईनं नाकारल्यानं कितीतरी कोकरं जातात. बर्न्स समितीसमोर जे आलं त्यानुसार कोल्ह्यानं मारलेली कोकरं साधारण दोन टक्क्यांहून कमी. आता दोन टक्के म्हणजे थोडे की फार हे तुमच्या कळपावर अवलंबून. आणि सरासरी फसवी असते. एखाद्या कोल्ह्याला सवय लागली की एकाच शेतात रोज.

आणखी एक. इथे कितीतरी कोल्हे मेंढ्यांसाठी मारलेच जात नाहीत. फेझंट नावाचा पक्षी दरवर्षी कोट्यवधींच्या संख्येनं पिंजऱ्यात वाढवून रानात सोडतात, पैसेवाले लोक येऊन त्यांना गोळ्या घालतात. तोपर्यंत ते पक्षी कोल्ह्यानं खाऊ नयेत म्हणून कोल्ह्याला गोळी. याचं समर्थन मला तरी जमत नाही. सईच्या कोकराच्या मुद्द्यापेक्षा हा मुद्दा जड आहे.

रानवेडा

पक्षीनिरीक्षक या नात्यानं मी उलट बाजू मांडतो, जरा त्रासदायक आहे.

जमिनीवर घरटी करणारे पक्षी इंग्लंडात झपाट्यानं कमी होतायत. आपल्या टिटवीची भावंडं, शिवाय कर्ल्यू, जो हिवाळ्यात आपल्या ठाणे खाडीतही येतो. नॉर्थम्बरलँडमध्ये ऑटरबर्नला २००० ते २००८ या काळात एक प्रयोग झाला: काही पट्ट्यांत कोल्हे, कावळे आणि मुंगसासारखे छोटे शिकारी नियमित मारले, काहींत मारले नाहीत, मध्ये अदलाबदलही केली. मारलेल्या पट्ट्यांत या पक्ष्यांची पिल्लं जगण्याचं प्रमाण साधारण तिप्पट झालं. आणि ब्रिटनमधली पक्षी वाचवणारी सर्वांत मोठी संस्था, आरएसपीबी, आपल्या काही राखीव क्षेत्रांत स्वतः कोल्हे मारते आणि आकडे जाहीर करते. तिच्या सभासदांना हे आवडत नाही, तरी करते.

तेव्हा "मारून काही उपयोग होत नाही" हे सरसकट विधान चूक. कोल्हा जास्त झाला हे मूळ दुखणं नाही, शेतीनं दलदली आणि गवताळ रानं संपवली हे आहे, हेही मान्य. पण कर्ल्यूला ते सांगून काय फायदा.

सई_परळ

म्हणजे माणसानं रान संपवायचं आणि शिक्षा कोल्ह्याला. वा.

रानवेडा

हो. तसंच आहे. मला ते आवडतं असं म्हटलेलं नाही.

फोर्टातला

थोडं अवांतर. मुंबईतली एक नोंद घेण्यासारखी दंगल याच विषयावर झाली होती. १८३२ च्या जूनमध्ये सरकारनं भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. फोर्टात दुकानं बंद, दगडफेक, लष्कर बोलवावं लागलं. म्हणजे "उपद्रवी प्राणी कोण हे ठरवणार कोण" हे भांडण आपल्या शहराला नवं नाही. कंपनी सरकारला कुत्रं उपद्रवी वाटलं, शेजारच्या घरात तेच पूज्य होतं.

आणि कोल्ह्याचंच म्हणाल तर साहेबानं इथेही सोडलं नाही. उटीला लाल कोट घालून, घोड्यांवर बसून, विलायतेहून आणलेल्या कुत्र्यांमागे साहेब लोक दौडत. तिथे लाल कोल्हा नाही म्हणून आपल्या कोल्ह्यावर भागवत. पीक वाचवायला नव्हे हो, मजा म्हणून.

लोअरपरेल_फास्ट

कोल्हा काकडीला राजी, साहेब कोल्ह्याला राजी.

मिरगाचा_पाऊस

खूप झाला इतिहास. माझा साधा प्रश्न: मारल्यानं संख्या कमी होते की नाही? हो की नाही सांगा.

ढोरडॉक्टर

हो की नाही असं सांगता येत नाही, पण का येत नाही ते सांगतो.

कोल्ह्याची हद्द असते. एका हद्दीत एक जोडी, सोबत एक-दोन दुय्यम माद्या. बहुतेक वेळा मुख्य मादीच विते. तुम्ही मुख्य जोडी मारली की दुय्यम मादीला वाव मिळतो, किंवा शरद ऋतूत घर सोडून हिंडणारे तरुण कोल्हे रिकामी हद्द पकडतात. बसची सीट रिकामी झाली की मागचा बसतो, तसं. त्यामुळे एकट्या शेतकऱ्यानं त्याच्या शेतात दोन-चार कोल्हे मारून पुढच्या वर्षी कोल्हे कमी दिसतील अशी अपेक्षा धरू नये. मोठ्या पट्ट्यात सगळ्यांनी मिळून, वर्षानुवर्षं, सातत्यानं मारलं तर संख्या दबून राहते. इंग्लंडच्या काही भागांत तसं झालेलं आहे. म्हणजे शेजारी म्हणतो त्या एका रात्रीचं काम नव्हे. तो एक कायमचा व्यवसाय होऊन बसतो.

२००१ साली तिकडे गुरामेंढ्यांत लाळ्या-खुरकुताची साथ आली. ती पसरू नये म्हणून कुत्र्यांसह शिकार जवळजवळ वर्षभर बंद होती. संशोधकांनी देशभर एकेक किलोमीटरच्या चौकोनांत कोल्ह्याची विष्ठा मोजली. आधीच्या तुलनेत कोल्हे वाढलेले आढळले नाहीत. पुढच्याच वर्षी ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

रानवेडा

पण डॉक्टर, त्या वर्षी बंद होती ती कुत्र्यांसह शिकार. त्या अभ्यासानं बंदूक निरुपयोगी ठरत नाही. एवढंच सिद्ध होतं की घोड्यांवरून चालणारा तो तमाशा संख्या आटोक्यात ठेवत नव्हता.

ढोरडॉक्टर

बरोबर, तेवढंच.

अंजू_लीड्स

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पण हवं. तिथे कोल्हा मूळचाच नाही, एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेनं ब्रिटिशांनी नेऊन सोडला आणि त्यानं तिथल्या छोट्या प्राण्यांचा फडशा पाडला. व्हिक्टोरियातल्या फिलिप बेटावर पेंग्विन वाचवायला वर्षानुवर्षं आमिष, सापळे, बंदुका, कुत्रे सगळं वापरून कोल्हे नाहीसे केले, २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. बेट आहे, पुलावरून येणारा रस्ता सोडला तर नवे कोल्हे येत नाहीत, म्हणून जमलं.

आणि त्याच राज्यात वॉर्नंबूलजवळ मिडल आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. ओहोटीला कोल्हे चालत जायचे, पेंग्विनांची संख्या दोन आकड्यांच्याही खाली गेली. २००६ पासून तिथे मारेमा जातीचे राखणीचे कुत्रे ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. गोळी नाही, विष नाही. मेंढपाळाच्या कुत्र्यानं जमलं.

मिरगाचा_पाऊस

कुत्रा कोल्ह्याला चालतो. डुकराला चालत नाही, डुक्कर कुत्र्याचं पोट फाडतो.

पण फासकीबद्दल बोला. कोकणात बंदुकीचा परवाना असलेली ठासणीची बंदूक दर वाडीत एखादीच, ती पण निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा. मग लोक काय करतात? क्लचच्या तारेची फासकी लावतात. त्यात डुकराऐवजी कितीदा तरी बिबट्याच अडकतो. किंवा पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब. चुकून गाईनं खाल्ला तर तिचा जबडा जातो. मी स्वतः अशी गाय पाहिली आहे. कायद्यानं बंदूक अवघड केलीत म्हणजे प्राणी वाचला असं नाही, तो अधिक वाईट तऱ्हेनं मरतो. हे परळच्या लोकांना दिसत नाही.

सई_परळ

परळचे लोक फासकीच्या विरोधातही आहेत. पण हा मुद्दा लागला, हे लिहून ठेवते.

ढोरडॉक्टर

फासकीबाबत मिरगाचा_पाऊस यांच्याशी शंभर टक्के सहमत. वेल्समध्ये २०२३ मध्ये फासक्यांवर पूर्ण बंदी आली, पाठोपाठ स्कॉटलंडमध्ये. बंदूक मात्र तिथे चालू आहे. क्रम योग्य वाटतो मला: जे निवड न करता मारतं ते आधी जावं.

लोअरपरेल_फास्ट

आणि आपल्याकडे सरकारनं बंदूकवाले बोलावले तर काय होतं तेही आठवा. २०१६, बिहारमधलं मोकामा. नीलगायींना उपद्रवी जाहीर केलं, हैदराबादेहून नेमबाज आले, काही दिवसांत दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. शेतकऱ्याचा प्रश्न बाजूला आणि चॅनेलवर नेमबाजांच्या मुलाखती.

मिरगाचा_पाऊस

केरळनं मात्र २०२२ मध्ये पंचायतीच्या अध्यक्षालाच रानडुकराबद्दल परवानगी द्यायचा अधिकार दिला. गावच्या माणसाला गावचं डुक्कर माहीत असतं. नेमबाज बाहेरून आणायचे कशाला?

सूत्रधार

धागा छान चाललाय, पण "परळचे लोक", "वाडीतले लोक" हे कमी करा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. मंत्र्यांवर राजकीय टोलेबाजी इथे नको, त्यासाठी राजकारण विभाग आहे.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. आता आमच्या विक्रोळीचं. सोसायटीत रेबीजचाच मुद्दा जोरात आहे. "एकदा रेबीज आला म्हणजे सगळे उचलले पाहिजेत," असं सचिव म्हणतात. यावर डॉक्टर काही सांगतील का? मला तिथे बोलायचं आहे.

ढोरडॉक्टर

जरूर. हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे लांबेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात कोल्ह्यांतला रेबीज पूर्वेकडून पश्चिमेकडे दरवर्षी काही किलोमीटर सरकत होता. सरकारांनी तेच केलं जे तुमचे सचिव म्हणतात. बिळांत विषारी वायू सोडला, बक्षिसं लावून कोल्हे मारले, एकेका देशात हजारोंनी. रेबीज पुढे सरकतच राहिला. कारण मी वर सांगितलेलं: रिकाम्या हद्दीत नवे कोल्हे येतात, मारामाऱ्या करतात, चावतात आणि रोगाला आणखी वाट मिळते.

मग १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकायला सुरुवात झाली. कोल्ह्यानं मुंडकं चावलं की लस तोंडात. त्या खोऱ्यात रोगाची वाट अडली. पुढे जर्मनी, फ्रान्स, बाकी देशांनी कारखान्यात बनवलेली आमिषं विमानातून टाकली. फ्रान्स २००१ मध्ये आणि जर्मनी २००८ मध्ये कोल्ह्यांच्या रेबीजमधून मुक्त जाहीर झाले. कोल्हे तिथे आजही भरपूर आहेत. रोग गेला.

आपल्याकडे तर कोल्ह्याला रेबीज बहुधा भटक्या कुत्र्याकडून येतो. तेव्हा सचिवांना सांगा, कांदळवनाच्या कडेला जी कुत्री आहेत त्यांना लस टोचून घ्या, दर वर्षी. ते महापालिकेच्या आणि प्राणीमित्रांच्या आवाक्यातलं आहे. ओला कचरा उघडा टाकायचं बंद करा, म्हणजे कुत्री आणि कोल्हे एका डब्यापाशी भेटणार नाहीत. आजारी, भेलकांडत चालणारा कोल्हा दिसला तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. चावला तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस, वाट पाहायची नाही. आणि उचलून दुसरीकडे सोडा हा हट्ट सोडा. आजारी असेल तर तुम्ही रोगालाच गाडीत बसवून दुसऱ्या खाडीत पोचवताय.

रानवेडा

उचलून नेण्याबद्दल डॉक्टरांना दुजोरा. जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तेव्हा जिथे सोडले तिथे माणसांवर हल्ले वाढले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ मध्ये जे हल्ले झाले त्यानंतर इथेही पकडून सोडण्याऐवजी वस्तीशी बोलणं, कचरा, दिवे, कुत्री यांवर भर आला. बिबट्याला जे लागू ते कोल्ह्याला जास्तच लागू. तो तर, रेबीज झालेला नसेल तर, सहसा माणसावर चालूनही येत नाही.

सई_परळ

या मुद्द्यावर मी आणि डॉक्टर एका बाजूला! स्क्रीनशॉट काढून ठेवते.

खाडीकाठ

भाच्याची बातमी. त्यानं शेजाऱ्याला तीन अटी सांगितल्या. फक्त रायफल आणि फक्त शेजारी स्वतः. गोळी फक्त कोकरांच्या वाड्याला लागून असलेल्या पट्ट्यात, पलीकडच्या झाडीत नाही, कारण झाडीत बीळ आहे. आणि आधी विणाऱ्या मेंढ्या रात्री छपराखाली घ्यायच्या, नाळ-वार शेतात पडू द्यायची नाही, कारण त्या वासावरच कोल्हे येतात. शेजारी म्हणाला, सगळ्या मेंढ्या आत घेण्याइतकं छप्पर माझ्याकडे नाही. अर्ध्या घेतल्या. मग भाच्यानं परवानगी दिली.

मी त्याला नाही म्हणायला सांगितलं नाही.

सई_परळ

निराशा झाली. झाडीत बीळ आहे हे माहीत असूनही परवानगी? ती आई त्या पट्ट्यात येणारच ना, खायला? अटी घातल्या म्हणजे मनाला बरं वाटतं, कोल्हिणीला काही फरक पडत नाही.

अंजू_लीड्स

सई, तो नाही म्हणाला असता तर शेजारी स्वतःच्या कुंपणाच्या आत उभा राहून मारणारच होता, तो त्याचा हक्क आहे. निदान अर्ध्या मेंढ्या आत गेल्या. आणि नव्या माणसानं गावात पहिल्याच वर्षी तोंडावर दार लावलं की पुढच्या वेळी शेजारी विचारायलाही येत नाही. विष टाकून मोकळा होतो. ते बेकायदा आहे, पण रानात कोण बघतं?

सई_परळ

"नाहीतर कुणीतरी केलंच असतं" या वाक्यावर जगातली किती वाईट कामं चालली आहेत ते मोजा. आणि एक साधी गोष्ट: त्या कोल्ह्याला मारल्यावर कोकरं जायची थांबली का, हे कोण बघणार? थांबली नाहीत तर शेजारी दुसरा मारणार, मग तिसरा. तुम्ही म्हणालात "अमुक एक कोल्हा". तो मारल्यावर परवानगी संपते असं भाच्यानं लिहून घेतलंय का?

खाडीकाठ

नाही घेतलं. सांगतो त्याला. एक कोल्हा किंवा मोसम संपेपर्यंत, जे आधी होईल ते.

ढोरडॉक्टर

ही अट चांगली आहे. आधीच्या तिन्हींपेक्षा चांगली.

मिरगाचा_पाऊस

माझ्या भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तेंका एक कोल्हो, आमका वीस डुकरां. एकाची अट घातलास तर आमी खावचा काय?" सौर कुंपणाच्या अनुदानासाठी अर्ज केलाय त्यानं, अजून आलेलं नाही. डॉक्टर, तोवर त्यानं काय करायचं ते सांगा. मिरचीचा धूर, जुन्या साड्या, फटाके, रेडिओ सगळं करून झालंय. आठवडाभर चालतं, मग डुकरं रेडिओखाली उभी राहून भात खातात.

ढोरडॉक्टर

साड्या-रेडिओ रोज जागा बदलून लावले तर थोडे जास्त दिवस चालतात, एवढंच. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच लांब कुंपण घातलं तर खर्च वाटला जातो आणि डुकराला शेजारच्या कुणग्यातून वळसा घालता येत नाही. एकट्यानं घातलेलं कुंपण म्हणजे शेजाऱ्याकडे डुकरं पाठवणं. आणि परवानगीचा अर्ज वनखात्याकडे करून ठेवायला सांगा, कोल्ह्याचे नियम डुकराला लागू नाहीत. डुक्कर वर्षाला पाच-सहा पिल्लं घालतं, तिथे मी बंदुकीच्या विरोधात नाही. फासकीच्या आहे.

सई_परळ

डुकराच्या बंदुकीच्या मी विरोधात आहे, पण फासकीच्या जास्त. या क्रमानं.

मिरगाचा_पाऊस

चला, फासकीवर तरी एकमत. डुकराचा वेगळा धागा काढतो, भावाकडून कुणग्याचे फोटो मागवलेत. सईताई, तिथे भांडायला या, पण आधी फोटो बघा.